आधी चतुःसीमा

आज पदवी घेऊन आमच्या व्यवसायात पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींनो,

मी ३१ वर्षं जिल्हा न्यायालयात दिवाणी वकिली करतो आहे. भाषणाचं निमंत्रण आलं तेव्हापासून मला एक जिंकलेला दावा सारखा आठवतो आहे. आज तोच आधी सांगतो.

सनद मिळून मला तिसरं वर्ष चालू होतं. एक विधवा बाई आल्या. २२ गुंठे जमीन, दिराने बळकावलेली. कागद चोख होते: सातबारा, फेरफार, नवऱ्याच्या नावचं खरेदीखत. मी उत्साहाने दावा लिहिला. चतुःसीमा बाईंना विचारून लिहिल्या. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, हे त्यांनी ऑफिसात खुर्चीवर बसून हाताने दिशा दाखवत सांगितलं आणि मी ते तसंच उतरवून घेतलं. शेत माझ्या ऑफिसपासून १४ किलोमीटरवर होतं. मी गेलो नाही. सात वर्षांनी दावा मंजूर झाला. बाईंनी पेढे आणले. मी फाईल बांधून कपाटात ठेवली.

पुढे आम्ही दरखास्त दाखल केली, ताब्याचं वॉरंट निघालं, बेलीफ शेतावर गेला आणि परत आला. हुकूमनाम्यातली पूर्व जागेवर पश्चिमेला होती. दिराच्या मुलांनी बोट ठेवलं, "ही ती जमीन नव्हेच." वर्णन दुरुस्त करून घ्यायला अर्ज, त्यावर म्हणणं, मग मोजणी, मग पुन्हा हरकत. आणखी चार वर्षं गेली. ताबा मिळाला त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या बांधावर उभा राहिलो. बाईंनी तक्रार केली नाही. एवढंच म्हणाल्या, "साहेब, तवाच एकदा शेतावर आला असता तर बरं झालं असतं."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७ नियम ३ मध्ये लिहिलेलंच आहे, की स्थावर मिळकतीचं वर्णन तिची ओळख पटेल असं हवं. परीक्षेत मी तो नियम लिहिला होता, गुणही मिळाले होते. बाईंची चार वर्षं गेली ती मी शेत पाहिलं नाही म्हणून. मला आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या अंतराविषयी, आणि ते भरून काढायला तुमच्यापुढे जी पहिली तीन वर्षं आहेत त्यांच्याविषयी.

तीन वर्षं हा आकडा सध्या तुमच्या सगळ्यांच्या डोक्यात आहे, मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला आणि कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. २००२ च्या निकालानंतर ताज्या पदवीधरांना ती परीक्षा थेट देता येत होती. आता तात्पुरती सनद मिळाल्या दिवसापासून तीन वर्षं मोजली जातील आणि दहा वर्षं व्यवसायात असलेल्या वकिलाचा दाखला लागेल. तुमच्यातले कितीतरी जण या परीक्षेच्या, म्हणजे जेएमएफसीच्या, क्लासची फी भरून बसले होते, ते खचले. मी त्यांच्या जागी असतो तर मीही खचलो असतो. तरीही मला हा निर्णय बरोबर वाटतो. खुर्चीवर बसून बेलीफचा अहवाल वाचणाऱ्या माणसाने एकदा तरी बेलीफबरोबर बांधावर उभं राहिलेलं असावं.

पण हा दाखला नुसत्या सहीचा होऊ देऊ नका. दिवसभर अभ्यासिकेत बसायचं, कुणा ओळखीच्या वकिलाच्या वकीलपत्रावर आपलंही नाव टाकून घ्यायचं आणि तीन वर्षांनी कागद घ्यायचा, हा बेत काही ठिकाणी आत्ताच शिजतो आहे. तसं केलंत तर परीक्षा कदाचित पास व्हाल, पण पहिल्या उलटतपासात साक्षीदार खोटं बोलतोय की घाबरलाय हे तुम्हाला कळणार नाही.

या तीन वर्षांत काय करायचं? कोर्टात जायचं, हे उत्तर अपुरं आहे. आपल्या सिनिअरचं काम नसेल तेव्हा शेजारच्या कोर्टात जाऊन एखादा सरतपास सुरू होण्यापासून उलटतपास संपेपर्यंत बसून ऐका. फाईल हातात आली की शेवटचा हुकूम वाचून थांबू नका, रोजनामा पहिल्या तारखेपासून वाचा. एखादा दावा नऊ वर्षं का रेंगाळला याचं उत्तर निकालपत्रात मिळत नाही, ते रोजनाम्यात मिळतं. निशाणी ५ चा तूर्तातूर्त मनाईचा अर्ज स्वतः लिहा. सिनिअर खाडाखोड करतील. खाडाखोड केलेला कागद जपून ठेवा, तुमचं खरं पाठ्यपुस्तक तेच.

मराठीत लिहायला शिका. १९९८ पासून आपल्या खालच्या न्यायालयांची भाषा मराठी आहे, आणि तरी इंग्रजीत विचार करून लिहिलेले, अशिलाला स्वतःला न कळणारे मराठी दावे मी रोज वाचतो. तुमची कैफियत अशिलाला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच तो म्हणेल, "असं नव्हतं झालं साहेब," तिथे थांबा. त्या थांबण्याने मी दोन दावे हरता हरता वाचवले आहेत.

तारखा मोजायला शिका. हे सांगताना मला कठोर व्हावं लागेल, कारण ही चूक दुरुस्त होत नाही. चेक न वटता परत आला, की बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला १५ दिवस, आणि ते उलटले की एका महिन्यात तक्रार. ज्युनिअरने या तारखा पहिल्या भेटीतच फाईलच्या कव्हरवर लाल शाईने लिहाव्यात. तसंच रस्त्याचं. शेतकऱ्याची वहिवाटीची वाट शेजाऱ्याने अडवली, की बहुतेक नवे वकील थेट दिवाणी दाव्याचा विचार करतात. १९०६ चा मामलेदार न्यायालय अधिनियम किती जणांनी वाचला आहे? त्याच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पेरणीच्या तोंडावर बैलगाडी अडलेल्या माणसाला हे सांगणारा वकील भेटला तर त्याचा हंगाम वाचतो. मुंबईच्या मोठ्या ग्रंथालयात बसलेल्या वकिलाला हा कायदा कदाचित कधीच लागणार नाही. तुम्हाला तो दर पावसाळ्यात लागेल.

आणि एक गोष्ट विशेषतः मुलींना सांगायची आहे, पण मुलांनीही ऐकावी. आपल्या भागात वडील गेल्यावर वारसनोंद होते तेव्हा बहिणींची नावं 'इतर हक्कात' जातात. पुढे भाऊ एका बहिणीला घेऊन तुमच्याकडे येईल, हक्कसोडपत्र करायचं आहे म्हणून. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वडील हयात असण्यावर अवलंबून नाही हेही स्पष्ट केलं. बाईला हे माहीत आहे का, हे तिला एकटीला बसवून विचारा. भावाला चहाला पाठवा. तुम्ही भावाचे वकील असाल तर तिला सांगा, की तिने स्वतःचा वकील बघावा. ती तरीही सही करेल. माहेर तुटेल या भीतीने पुष्कळ जणी करतात. पण जाणून केलेली सही आणि न जाणता केलेली सही यांत फरक आहे. तो फरक राखण्याचं काम वकिलाचं आहे, आणि त्यापायी एखादं काम हातचं गेलं तर जाऊ द्यावं.

फौजदारीकडे जाणाऱ्यांना दुहेरी अभ्यास आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, ४२० चं ३१८(४) झालं, ३०२ चं १०३ झालं. पण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनीच दंडसंहिता लागू आहे, म्हणून पुढची बरीच वर्षं दोन्ही पुस्तकं पिशवीत ठेवावी लागतील. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ पाठ करा. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेला कच्चा कैदी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकापेक्षा जास्त खटले असणाऱ्यांना ती लागू नाही. तुरुंगात असे लोक आहेत ज्यांच्यासाठी कुणी हा हिशेब मांडलेलाच नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनलवर नाव नोंदवा. आता तिथे पूर्णवेळ मानधनावर बचाव पक्षाचे वकील नेमले जातात. सुरुवातीला एवढी विविध प्रकरणं स्वतःच्या जबाबदारीवर चालवायला मिळण्याची जागा दुसरी मला तरी माहीत नाही.

कंपन्यांत जाणाऱ्यांनी मनात अपराधी वाटून घेऊ नये. करार नीट लिहिला तर दहा दावे टळतात. फक्त एवढं ध्यानात ठेवा, की पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की सनद स्थगित करावी लागते, आणि ती वर्षं वकिलीत मोजली जात नाहीत. सरकारी अभियोक्ता, सॉलिसिटरकडची आर्टिकलशिप, अध्यापन, मध्यस्थी, या वाटांचं तुमच्या प्राध्यापकांनी माझ्याहून चांगलं मार्गदर्शन केलं असेल. वाट कुठलीही घ्या, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने सुचवलेला एकही निवाडा मूळ प्रत उघडून वाचल्याशिवाय न्यायालयापुढे ठेवू नका.

आता पैशाविषयी. त्यावर कुणी व्यासपीठावरून बोलत नाही, म्हणून मुलं एकटीच चिंता करतात. सनदेची फी अधिवक्ता अधिनियमाप्रमाणे ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये; त्याहून अधिक नोंदणी शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये सांगितलं. सनद मिळाली तरी घर चालायला वेळ लागतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू केली. ग्रेज इनचे बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, आणि तरी अस्पृश्यतेमुळे काम येईना. त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवून घर चालवलं. १९३५ मध्ये तेच मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सकाळी कोर्ट आणि संध्याकाळी शिकवणी अशी दोन-तीन वर्षं तुमच्याही वाट्याला आली तर त्यात कमीपणा मानू नका.

पण हा भार एकट्या मुलांवर टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. समोरच्या रांगेत माझे समव्यवसायी बसले आहेत. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरना शहरात दरमहा २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती बंधनकारक नाही, म्हणून आपण ती वाचून बाजूला ठेवली. पहिल्या वर्षी मला काही मिळालं नव्हतं, म्हणून मीही बरीच वर्षं ज्युनिअरना काही दिलं नाही. शेतकऱ्याच्या, मजुराच्या घरची किती हुशार मुलं या एका कारणाने कोर्ट सोडून गेली, ती मी डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांना मी थांबवलं नाही, याचं मला दुःख आहे. पालकांनाही हात जोडून सांगतो: मुलीला 'वकिली बाईमाणसाला जमायची नाही' असं म्हणून तिसऱ्या वर्षी घरी बसवू नका. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली आणि स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा यायला १९२३ उजाडलं. ३१ वर्षं! तुमच्या मुलीला फक्त तीन मागायची आहेत.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं अपील मुंबईला जायचं तेव्हा खालचा वकील स्टेशनवर अशिलाला निरोप द्यायचा आणि फाईल दुसऱ्याच्या हातात जायची. आता ज्याने चतुःसीमा लिहिल्या, तोच त्या उच्च न्यायालयापुढे सांगू शकेल. तुमच्या पिढीला मिळालेली ही संधी आम्हाला नव्हती.

माझ्या ऑफिसात दोन टेबलं रिकामी आहेत. या महिन्यापासून १५,००० रुपये देणार आहे. शहरातल्या आणखी चार वकिलांशी मी बोललो आहे, त्यांनीही होकार दिला आहे; त्यांची नावं प्राचार्यांकडे दिली आहेत. ज्यांना यायचं आहे त्यांनी सोमवारी सकाळी साडेनऊला या. त्या दिवशी कोर्टात आपला बोर्ड दुपारचा आहे, म्हणून आधी शेतावर जाऊ. एक नवीन दावा लिहायचा आहे, अजून चतुःसीमा भरलेल्या नाहीत. चिखल आहे, जुन्या चपला घालून या.