संगणकाचा बिनतारी कान

लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यांतील किल्लारी हें नांव ज्यानें ऐकलें नाहीं असा मराठी माणूस विरळाच. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, गणेशविसर्जनाची धामधूम आटोपून गांव गाढ झोपीं गेलें असतां, भूमि हादरली. मातींत बसविलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील लाकूडमातीचीं जड धाबीं निजलेल्या माणसांच्या अंगावर कोसळलीं. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारों माणसें त्या एका पहांटे गेलीं. अशा प्रसंगीं बाहेरच्या जगाला पहिली गरज असते ती बातमीची, आणि बातमी वाहणारी तार तर सर्वांच्या आधीं मुकी होते. त्या दिवसांत हौशी बिनतारी संदेशक आपलीं यंत्रें, बॅटऱ्या आणि एरियलच्या तारा घेऊन या भागांत आले व निरोपांची ने-आण करूं लागले. कोण वांचलें, कोठें औषध हवें, कोणाच्या घरीं काय कळवावयाचें, हें सारें हवेंतून जाऊं लागलें. बिनतारी या शब्दाचा अर्थ किल्लारीनें असा अनुभवानें जाणला आहे.

पूर्णपणें उद्ध्वस्त झालेलीं ५२ गांवें पुढें नव्या जागीं वसविण्यांत आलीं; किल्लारीचीहि नवी वस्ती सिमेंट-काँक्रीटच्या घरांची झाली. समजा, अशाच एका घरांत आज एक संगणक आला आहे. पुण्यास नोकरीस असलेल्या मामांनीं नवें यंत्र घेतलें आणि जुनें भाचीच्या अभ्यासासाठीं गांवीं धाडून दिलें. बाहेरच्या खोलींत इंटरनेटचा राउटर आहे, आंतल्या खोलींत मुलीचें मेज आहे. महाडीबीटीच्या संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरावयाचा असून मुदतीचे दोनच दिवस उरले आहेत. राउटर चालूं आहे, संगणकहि ठणठणीत आहे; पण दोघांचें बोलणें होत नाहीं. कारण साधें आहे. मेजावरच्या या जुन्या संगणकांत बिनतारी लहरी पकडण्याची सोयच नाहीं. तो बहिरा आहे. त्याला कान बसवावयाचा आहे, आणि तो कान म्हणजे बोटाच्या पेराएवढा वाय-फायचा यूएसबी अ‍ॅडॅप्टर होय.

वस्तुतः त्याला नुसता कान म्हणणें अपुरें आहे. घरांतील रेडिओ केवळ ऐकतो. हा अ‍ॅडॅप्टर ऐकतो आणि बोलतोहि. संगणकाच्या यूएसबी खांचेंतून त्याला ५ व्होल्टची वीज मिळते, त्याच वाटेनें संगणकाचा मजकूर त्याच्याकडे येतो, आणि तो मजकूर लहरींवर चढवून तो राउटरकडे सोडून देतो. या कल्पनेची कुळकथा जुनी आहे. १८९५ सालीं कलकत्त्यांत जगदीशचंद्र बोस यांनीं अवघ्या कांहीं मिलिमीटर लांबीच्या विद्युत्लहरी भिंतींपलीकडे पाठवून दाखविल्या. १९७१ सालीं हवाई बेटांवरील विद्यापीठांत नॉर्मन अब्रॅम्सन यांनीं बेटाबेटांवरचे संगणक बिनतारी लहरींनीं जोडले. यूएसबीची खांच १९९६ सालीं ठरली, वाय-फायचें मूळ प्रमाण १९९७ सालीं ठरलें, आणि या दोहोंच्या संगमांतून हें चिमुकलें उपकरण जन्मास आलें.

ज्या लहरींवर हें संभाषण चालतें त्या दोन पट्ट्यांत मोडतात. एक पट्टा सेकंदास सुमारें २४० कोटी आंदोलनांचा; त्याची लहर साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास लांब असते. दुसरा ५०० कोटी आंदोलनांच्या वरचा. त्याची लहर साधारण निम्म्या लांबीची. पहिला दूर जातो व भिंतींतून बराचसा पार होतो, परंतु त्या पट्ट्यांत गर्दी फार. दुसरा वेगवान, पण भिंत आडवी आली कीं लवकर थकतो. एके काळीं आपल्या देशांत साध्या रेडिओलाहि टपालकचेरींतून परवाना घ्यावा लागे. घरगुती वाय-फायच्या अल्पशक्तीच्या यंत्रांना मात्र २४० कोटींचा पट्टा २००५ सालच्या नियमांनीं परवान्यावांचून खुला झाला. म्हणूनच आज कोणत्याहि घरांत, कोणालाहि न विचारतां, असें प्रक्षेपक यंत्र चालूं शकतें.

आतां खरेदीविषयीं. दुकानांत जाण्यापूर्वीं दोन गोष्टी कागदावर टिपून न्याव्या: संगणकावर कोणती कार्यप्रणाली आहे, विंडोज कीं लिनक्स, व तिची कोणती आवृत्ति, आणि घरचा राउटर एका पट्ट्यावर बोलतो कीं दोन्हीं. दोन पट्ट्यांचा अ‍ॅडॅप्टर थोडा महाग पडतो, पण जेथें शेजारीं शेजारीं घरें आहेत तेथें तो पैसा वाया जात नाहीं. वेष्टनावरील वेगाच्या आंकड्यानें मात्र भुलून जाऊं नये. तो आंकडा मेगाबिटांत असतो आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. शिवाय प्रत्यक्षांत मिळणारा वेग छापील वेगाच्या पुष्कळ खालीं राहतो. नखाएवढा अ‍ॅडॅप्टर दिसावयास सुबक असला तरी त्याचें एरियल तेवढेंच आंखूड. राउटर दुसऱ्या खोलींत असेल तर बाहेर काडीसारखें एरियल असलेला घ्यावा, हें बरें.

उपकरण घरीं आलें, खांचेंत बसलें, आणि येथेंच पुष्कळांची गाडी अडते. संगणकाला नवा पाहुणा ओळखूं यावा यासाठीं त्याच्या भाषेचा एक दुभाषा लागतो. त्यास ड्रायव्हर म्हणतात. अलीकडील कार्यप्रणालींत पुष्कळ दुभाषे आधींपासूनच हजर असतात, आणि मग मिनिटाभरांत काम होतें. नसेल तर मौजेचा पेंच उभा राहतो: ड्रायव्हर इंटरनेटवरून आणावयाचा, आणि इंटरनेट तर ड्रायव्हरवांचून मिळावयाचें नाहीं! आड दिसतो, पाणीहि दिसतें, पण पोहरा विहिरीच्या तळाशीं, अशी ही गत.

यांतून सुटण्याच्या तीन वाटा आहेत. कांहीं अ‍ॅडॅप्टर प्रथम खांचेंत घालतांच एखाद्या तबकडीसारखे दिसतात आणि त्यांच्याच पोटांत ड्रायव्हर ठेवलेला असतो. तेव्हां आधीं तेथें पाहावें. दुसरी वाट अशी कीं, दुसऱ्या एखाद्या संगणकावर निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून तो उतरवून पेन ड्राइव्हमधून आणावा. मात्र उपकरणाच्या अंगावर छापलेला नमुना-क्रमांक व त्यापुढील आवृत्तीचा अंक दोन्ही जुळले पाहिजेत, कारण एकाच नांवाखालीं आंतील चिप बदललेली असूं शकते. तिसरी वाट सर्वांत सोपी: मोबाइल त्याच्या नेहमींच्या तारेनें संगणकाला जोडावा आणि त्यांतील यूएसबी टेदरिंग सुरूं करावें. मग मोबाइलचें इंटरनेट संगणकाला घटकाभर उसनें मिळतें, आणि त्या उसन्यावर कायमचा दुभाषा आणतां येतो. कोणत्या तरी अनोळखी संकेतस्थळानें फुकट ड्रायव्हर देऊं केला तर त्या मोहांत मात्र पडूं नये. दुभाष्याच्या वेषांत चोर घरांत येतो.

यानंतर जागेचा विचार. जुन्या काळीं रेडिओ घेतला कीं घरांतील कर्तीं माणसें छपरावर एरियलची तार बांधण्यासाठीं अर्धा दिवस खर्च करीत. तीच दृष्टि येथेंहि हवी. संगणकाच्या पाठीमागच्या खांचेंत अ‍ॅडॅप्टर बसविला तर एका बाजूस यंत्राची लोखंडी पेटी आणि दुसऱ्या बाजूस भिंत, अशा कोंडींत तो सांपडतो. हातभर लांबीची यूएसबी वाढीव तार घेऊन त्यास मेजावर उंच, मोकळ्या जागीं ठेवावें. एवढ्यानेंच कित्येकदां क्षीण लहर सबळ होते. वेगवान यूएसबी खांचेंतील पेन ड्राइव्ह किंवा बाहेरील हार्ड डिस्क त्याच्या अगदीं शेजारीं नसावी, कारण अशा खांचेच्या विद्युत्स्पंदांचा खरखराट नेमका २४० कोटींच्या पट्ट्यांत सांडतो.

आणि भिंतींचें काय? ज्या काँक्रीटनें व पोलादी सळयांनीं किल्लारीच्या नव्या घरांना बळ दिलें, तेंच काँक्रीट व त्याच सळया लहरींच्या वाटेंत आडव्या येतात. पुढें पत्र्याची पडवी काढली असेल तर पत्रा लहर जवळजवळ परतवूनच लावतो. पण भिंत पाडावयाची नसते; राउटर हलवावयाचा असतो. तो कोपऱ्यांतून, कपाटामागून काढून दाराच्या ओळींत, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर ठेवला, तर लहरी उघड्या दारांतून आंत येतात.

आतां जोडणी. पडद्याच्या कोपऱ्यांतील पंख्यासारखें चिन्ह दाबतांच जवळच्या राउटरांचीं नांवें दिसतात. आपलें नांव निवडून पासवर्ड द्यावा. त्यांतील रोमन अक्षरें मोठीं कीं लहान हा भेद संगणक कांटेकोरपणें पाळतो. तरीहि काम अडलें, तर चिडून सगळीं बटणें दाबण्याऐवजीं तीन प्रश्न क्रमानें विचारावे. पहिला: संगणकाला अ‍ॅडॅप्टर दिसतो काय? डिव्हाइस मॅनेजरच्या यादींत तो नसेल, किंवा त्याच्यावर पिवळी खूण असेल, तर दोष खांचेचा वा ड्रायव्हरचा. दुसरा: अ‍ॅडॅप्टरला राउटर दिसतो काय? शेजाऱ्यांचीं नांवें दिसतात आणि आपलेंच दिसत नाहीं, तर बहुधा राउटर ५०० कोटींच्या पट्ट्यावर आहे आणि अ‍ॅडॅप्टर एकाच पट्ट्याचा आहे. तिसरा: राउटरपलीकडचें जग दिसतें काय? जोडणी झाली असें पडदा म्हणतो, पण संगणकाचा पत्ता १६९.२५४ या अंकांनीं सुरूं होत असेल, तर राउटरनें त्यास पत्ताच दिलेला नाहीं. राउटर बंद करून मिनिटाभरानें पुन्हा चालूं करावा. जोडणी मधूनमधून तुटत असेल, तर वीज वाचविण्यासाठीं अ‍ॅडॅप्टर बंद करण्याची जी मुभा संगणकाला दिलेली असते, ती काढून घ्यावी.

एक सावधगिरी विसरूं नये. लहर ही भिंतीच्या आंत थांबत नाहीं. ती गल्लींतहि ऐकूं जाते. म्हणून राउटरचें कुलूप डब्ल्यूपीए-२ किंवा त्याहून नवें डब्ल्यूपीए-३ असावें. डब्ल्यूईपी नांवाचें जुनें कुलूप २००१ सालींच फुटलेलें आहे. पासवर्ड लांब असावा, आणि राउटर विकत आणतांना त्यावर जो ठरावीक पासवर्ड असतो तो पहिल्याच दिवशीं बदलावा. ज्या घरांतून आधारचे व बँकेचे कागद पाठविले जातात, त्या घरानें याबाबतींत आळस करणें म्हणजे तिजोरीला किल्ली लावून ठेवण्यासारखें आहे.

हें सर्व यथासांग झालें, तर त्या मुलीचा अर्ज मुदतीच्या आंत जाईल आणि पोंचपावतीचा क्रमांक तिच्या वहींत उतरेल. ज्या घरांत पुढच्या शिक्षणाचा हिशोब त्या रकमेवर अवलंबून असतो, तेथें पेराएवढ्या उपकरणाची किंमत दुकानांतल्या पावतीवर मोजतां येत नाहीं.

परंतु किल्लारीच्या भूमीवर उभें राहून या उपकरणाविषयीं एक सत्य सांगितल्यावांचून विषय पुरा होत नाहीं. हा अ‍ॅडॅप्टर बिनतारी आहे तो फक्त खोलीपुरता. राउटरपासून पुढें तारच आहे. ती कांचतंतूची असो वा तांब्याची, ती खांबांवरून वा भूमीखालून जाते, आणि राउटरला वीज लागते. वीज गेली, तंतु तुटला, कीं संगणकाचा हा कान शाबूत असूनहि त्याला कांहीं ऐकूं येणार नाहीं. १९९३ सालीं जीं यंत्रें कामास आलीं तीं निराळीं होतीं. तीं आपल्या बॅटरीवर, आपल्या एरियलवर, दुसऱ्या कोणाच्या आधारावांचून दूरच्या यंत्राशीं बोलत होतीं. दोघांनाहि बिनतारी म्हणतात, म्हणून दोघांवर सारखाच भरंवसा ठेवणें धोक्याचें होय.

म्हणून ज्या घरांत हा कान बसेल, त्या घरानें आणखी तीन गोष्टी कराव्या: राउटरला कांहीं तास पुरेल अशी लहान बॅटरी जोडावी, नात्यागोत्याचे आणि दवाखान्याचे दूरध्वनिक्रमांक कागदावर लिहून दाराजवळ लावावे, आणि सेलवर चालणारा एक साधा रेडिओ फळीवर ठेवावा. रोजच्या कामाला चार पावलांची बिनतार पुरते. बिकट वेळेसाठीं मात्र तारेवांचून आणि घरच्या विजेवांचून ऐकूं शकेल असें कांहींतरी घरांत हवेंच.