जो जंतू वाढतच नाही



सूक्ष्मजीवशास्त्राचं संमेलन शहर सोडून मारेगावला भरतं, याचा मला मनापासून आनंद आहे. वणी ओलांडून वर्धा नदीपलीकडे गेलं की वरोरा लागतं. १९४९ साली बाबा आमट्यांनी तिथे महारोगी सेवा समिती उभी केली. कुष्ठरोग या मुलखाला पुस्तकातून कळलेला नाही. म्हणून आज मी कुष्ठजंतूच्या मागे लागलेल्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी बोलणार आहे.

त्यांचं नाव निघालं की कर्करोग आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण १९६४ सालचं वाटुमल फाउंडेशनचं पारितोषिक त्यांना मिळालं ते सूक्ष्मजीवशास्त्रातल्या कामासाठी. ही बाजू आपल्या वर्गांत फारशी शिकवली जात नाही, याची मला खंत वाटते.

जन्म १९१७, पुणे. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही वडिलांची इच्छा. कमलताईंनी दोन्ही केलं नाही. सीताफळाच्या कुळातल्या वनस्पतींवर काम करून त्यांनी एम.एस्सी. केलं, लग्न गणितज्ञाशी केलं आणि मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे त्या बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर जगवण्याचं तंत्र तिथे घडत होतं. ते शिकून त्या परत आल्या आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

इथेच कुष्ठरोगाचा धागा जुळतो. रुग्णाच्या कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन मिळालेला द्रव काचपट्टीवर पसरा, कार्बोल फुक्सिन घालून खालून ऊब द्या, आम्लाने धुवा, वर मिथिलीन ब्लू द्या. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्यांचे जुडगे दिसतात. हॅन्सेनने १८७३ साली पाहिलेला जंतू तो हाच. दिसतो, पण कृत्रिम माध्यमावर आजवर कुणालाही वाढवता आलेला नाही. एकाचे दोन व्हायलाच त्याला सुमारे दोन आठवडे लागतात. आणि जंतू बशीत वाढत नसेल, तर त्यावर लस करायची कशी?

हा जंतू मज्जातंतूंत शिरतो. तेव्हा मज्जापेशींच्या संवर्धनातलंच माध्यम त्याला दिलं तर? बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी रुग्णाच्या ऊतीतून एक आम्लरोधी जंतू असा वाढवला आणि १९५८ साली ते प्रसिद्ध केलं. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी बॅसिलस म्हणतात. तो खरा कुष्ठजंतू नव्हता. त्याच्याच गोत्रातला, एव्हियम-इंट्रासेल्युलेअर गटातला निघाला. पण काम वाया गेलं नाही. त्याच जंतूपासून पुढे डॉ. माधव देव यांनी लस केली. दक्षिण भारतातल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली आले, त्यात या लसीचं संरक्षण ६५.५ टक्के होतं. नुसत्या बीसीजीचं ३४.१. मूळ प्रश्न सुटला नाही, तरी त्याच्यामागे नेटाने लागलेल्यांनी माणसाच्या उपयोगाची वस्तू हाती दिली. हे मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं.

कमलताईंचा आणखी एक गुण सांगतो. १९७३ साली सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. कारण प्रयोगशाळेत येणाऱ्या मुली त्यांना दिसत होत्या, तशा मधेच गळणाऱ्याही. आणि उतारवयात अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करायला त्या स्वतः गेल्या.

असा अभ्यास करण्याजोगं आपल्या तालुक्यातही आहे : कोलामांचे पोड आहेत, तूर आहे, विहिरी आहेत. इथली बी.एस्सी. झालेली मुलगी नोकरी मिळेना म्हणून घरी बसते आणि कॉलेजातला सूक्ष्मदर्शक कपाटात बंद राहतो. हे मला मान्य नाही. तुरीच्या मुळावरची गाठ चिरडून रंगवली तरी जंतू दिसतात, त्याला अनुदान लागत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की या संमेलनाने ठराव करावा : प्रत्येक महाविद्यालयाने आपली प्रयोगशाळा आठवड्यातून एक दिवस गावच्या शाळेतल्या मुलींसाठी खुली ठेवावी, आणि माजी विद्यार्थिनींना तिथे मानधनावर शिकवायला बोलवावं. ठरावाचा मसुदा मी लिहून आणला आहे. दुपारच्या सत्रात तो मांडतो, त्यावर मोकळेपणाने बोला.