बारावीनंतर बीबीए : सातारा, पुणे की इंदूर?

(पालक मेळाव्यातील भाषण)



मी बँकेतला माणूस, मला आधी खर्चाचा आकडा दिसतो!

लोणंद तसं शिवेवरचं गाव. नीरेच्या अलीकडं शिवाजी विद्यापीठ, पलीकडं पुणे विद्यापीठ. त्यात २०२४ पासून बीबीए एआयसीटीईखाली आलं, राज्यात सीईटी सुरू झाली. काही कॉलेजांनी मग अभ्यासक्रमाचं नावच बदललं. तेव्हा पदवीवर नेमकं काय छापून येणार, ते कॉलेजकडून लेखी घ्या.

माझ्या नातीपुढं तीन वाटा होत्या. इंदूरच्या आयआयएममध्ये २०११ पासून बारावीनंतरचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. प्रवेशपरीक्षा वेगळी, गणित पक्कं लागतं, आणि आपल्यासारख्यांना कर्ज आलंच. पुण्यात बीएमसीसीसारखं १९४३ सालचं कॉलेज, कंपन्या हाकेच्या अंतरावर. पण खोली-मेसचा खर्च फीच्या शेजारी मांडून बघा. साताऱ्याला एसटीच्या पासावर घरून जाता येतं.

तिनं सातारा घेतलं. लोक म्हणाले, "हुशार पोरगी, घरात कोंडली." कर्ज काढायला तिचा बाप तयार होता. पैसे तिला एमबीएसाठी राखायचे होते. पण मुलगी म्हणून जवळ ठेवणारी घरं आपल्या सोसायटीतही आहेत, आणि ते मला पटत नाही. सुट्टीत ती कांदा मार्केटात अडत्याकडं हिशोब लिहिते. लिलावात भाव पडला की तोटा कुणाच्या पदरात जातो, ते ती समोर बघते.

सीईटीचे फॉर्म भरायचेत त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडं या. येताना आई-वडलांना आणा. कर्जाचं गणित त्यांच्यादेखत मांडू.