वाळूवरील गुरू
२००९ साली मंगळावरील ‘स्पिरिट’ ही गाडी मऊ मातीत रुतली, ती कायमचीच. रुतलेले चाक जितके फिरावे तितके खोल जाते. अमेरिकेतील संशोधकांनी घडविलेला यांत्रिक सर्पही वाळूच्या चढावर असाच अडे. तेव्हा त्यांनी अटलांटाच्या प्राणिसंग्रहालयातील ‘साइडवाइंडर’ हे आडव्या चालीचे विषारी सर्प न्याहाळले. चढ वाढतो तसतसा हा सर्प अंगाचा अधिकाधिक भाग वाळूस टेकवितो. त्यामुळे वाळू ढासळत नाही. हीच रीत शिकविताच यंत्रही चढ चढू लागले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांच्या शोधास अशी यंत्रे उपयोगी पडावीत, हा त्यामागील एक हेतू. मनुष्य ज्यास दिसताक्षणी ठेचीत आला, त्याच्याचकडून त्याने जीव वाचविण्याची विद्या घ्यावी, हे विचार करण्याजोगे आहे.