शिक्क्यांचं फोल्डर आणि शेजारचे देश

आज सुरुवात करूया तुमच्या कपाटातल्या त्या प्लॅस्टिकच्या फोल्डरपासून. इथे आखातात येताना पदवीच्या प्रमाणपत्रावर मारून घेतलेले शिक्के आठवतात ना? आधी मुंबईला मंत्रालयात, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग दूतावासाचा. पदवी मिळवली एकदाच, पण ती खरी आहे हे किती खिडक्यांवर सांगावं लागलं!

एका देशाने दुसऱ्याच्या कागदावर विश्वास ठेवावा, यासाठी नुसता करार पुरत नाही. करारानंतर कुणीतरी बसून अभ्यासक्रम ताडून बघावे लागतात, जकातीचे नियम जुळवावे लागतात, विजेच्या तारा जोडाव्या लागतात. आपण राहतो तिथलंच बघा. आखाती सहकार्य परिषद १९८१ साली स्थापन झाली, आणि सदस्य देशांची वीज एकमेकांना जोडण्याचा पहिला टप्पा सुरू व्हायला २००९ साल उजाडलं.

हे काम शिकावं लागतं, आणि ते शिकवणाऱ्या संस्था आहेत. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात १९४९ साली कॉलेज ऑफ युरोप निघालं. महायुद्ध संपून जेमतेम चार वर्षं झाली होती. वेगवेगळ्या देशांच्या मुलांनी एकत्र राहावं, जेवावं, वाद घालावेत आणि मग आपापल्या देशात कामाला लागावं, अशी ती कल्पना. त्याच शहरात २००१ पासून संयुक्त राष्ट्र विद्यापीठाची एक संस्था आहे. युरोप असो की आफ्रिका, शेजारी देश एकत्र येतात कसे आणि अडतात कुठे, याचा तुलनात्मक अभ्यास तिथे चालतो.

आता आपल्या अंगणात येऊ. सार्क १९८५ साली ढाक्यात स्थापन झाली. तिच्या देशांनी मिळून दिल्लीत दक्षिण आशियाई विद्यापीठ काढलं, तिथले वर्ग २०१० साली सुरू झाले. तिथली पदवी आठही सदस्य देशांनी मान्य करायची, असं ठरलेलं आहे. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ साली काठमांडूला झाली. २०१६ ची इस्लामाबादला व्हायची होती, ती झालीच नाही. विद्यापीठ मात्र चालू आहे.

एका विद्यापीठाने सीमा विरघळत नाहीत, हे खरंच. राजकारण बिघडलं की व्हिसा अडतो आणि प्रवेश घेऊ पाहणारं पोर घरीच बसतं. पण जी मुलं एका बाकावर बसली, ती उद्या अधिकारी झाली, तर अडचणीच्या वेळी पलीकडच्या देशात फोन लावायला त्यांच्याकडे एक ओळखीचं नाव असतं. ही काही छोटी गोष्ट नाही.

आपल्याला हे नवीन नाही. आपली पोरं संध्याकाळी इमारतीखाली लाहोरच्या, ढाक्याच्या, काठमांडूच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतात. टीम पाडताना पासपोर्ट कुणी विचारत नाही. बॅट कुणाची, एवढंच विचारतात.

तेव्हा घरात 'पुढे काय शिकायचं' हा विषय निघाला, की डॉक्टर-इंजिनियरच्या यादीत ही वाटही ठेवा. अर्थशास्त्र, कायदा, आंतरराष्ट्रीय संबंध यांतून ती जाते. पुढच्या पिढीच्या फोल्डरमध्ये एखादा शिक्का कमी लागावा असं वाटत असेल, तर ते काम कुणाच्या तरी मुलांना करावंच लागणार आहे. आपल्या मुलांनी का करू नये?