होम्मा सर



खंडेनवमी जवळ आली. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कितीतरी घरांत या दिवशी माळ्यावरची तलवार खाली उतरते. गावचा वाडा पडला, जमिनीच्या वाटण्या झाल्या, तलवार तेवढी गोणपाटात गुंडाळून मुंबईला आली. पूजेआधी तिला चिंच आणि राख लावून घासतात. हौस दांडगी असली तर बफिंगवाल्याकडून चकचकीत करून आणतात. अशी उजळलेली तलवार कुणी कौतुकाने दाखवली, की मला जुन्जी होम्मा आठवतात.

त्यांना मी कधी पाहिलं नाही. १९९१मध्ये ते गेले. तरी मनातल्या मनात मी त्यांना ‘सर’च म्हणतो. जपानी तलवारींचे जगभरचे संग्राहक ज्यांना गुरुस्थानी मानतात, त्यांत त्यांचं नाव फार वर आहे.

१९०४ साली यामागाता प्रांतातल्या साकाता गावी त्यांचा जन्म झाला. पुढे सरकारी खात्यात राष्ट्रीय ठेव्यातल्या तलवारी तपासण्याचं काम त्यांच्याकडे आलं. १९४५मध्ये जपान हरला आणि अमेरिकी सैन्याने शस्त्रं जमा करण्याचा हुकूम काढला. आजोबांकडून नातवाकडे आलेली तलवारही त्या हुकमात शस्त्रच. असंख्य तलवारी वितळल्या, समुद्रात गेल्या. होम्मा आणि त्यांचे सहकारी लष्करी पोलिसांचे अधिकारी कर्नल कॅडवेल यांना भेटले आणि यातल्या कित्येक तलवारी म्हणजे कला आहे, हे त्यांनी कर्नलांना पटवून दिलं. जिंकलेल्या सैन्याच्या अधिकाऱ्याला हरलेल्या देशाच्या माणसाने तलवारीचं सौंदर्य समजावायचं! तोक्योच्या अकाबाने इथे जमा झालेल्या शस्त्रांच्या ढिगांतून पुढे साडेपाच हजारांच्या आसपास तलवारी निवडून वाचवल्या गेल्या. १९४८मध्ये होम्मा आणि कानिची सातो यांच्यासारख्या जाणकारांनी कलात्मक तलवारींच्या जतनासाठी संस्था उभी केली. ती आजही चालू आहे.

पण मला मोह आहे तो त्यांच्याकडच्या तलवार पारखायला शिकवण्याच्या पद्धतीचा. ही पद्धत होम्मांच्याही आधीची. संस्थेने ती जपली. तलवारीचा मुठीत जाणारा भाग झाकून ठेवतात, कारण कारागिराची सही तिथेच असते. विद्यार्थी आधी तलवारीला नमस्कार करतो. मग पात्याची वक्रता, पोलादाचा पोत, धारेलगतची ढगासारखी रेघ न्याहाळतो आणि चिठ्ठीवर कारागिराचं नाव लिहितो. नाव जुळलं तर उत्तर येतं ‘अतारी’. त्याच परंपरेतल्या जवळच्या कारागिराचं लिहिलं असेल तर ‘दोझेन’, म्हणजे जवळजवळ बरोबरच. साफ चुकलं तर ‘इया’. आपल्या परीक्षांत नापास आणि पास यांच्यामध्ये अशी सन्मानाची जागा असती तर किती पोरं वाचली असती!

सही शेवटी बघायची, कारण खोट्या सह्या पुष्कळ. आणि मुठीतल्या त्या भागावरचा गंज कधीही काढायचा नाही. त्या गंजाच्या रंगावरूनही तलवारीचं वय वाचतात.

आपल्याकडची गोष्ट वेगळी. आपली मूठ राळ किंवा लाख भरून बसवलेली असते, त्यामुळे आतलं सहज दिसत नाही. पण पात्यावर खूप काही असतं. फिरंगेवर, म्हणजे युरोपी पात्याच्या तलवारीवर, तिथल्या कारागिरांच्या खुणा सापडतात. जुन्या पोलादावर पाण्याच्या लहरींसारखं जौहर असतं. मुठीवर कोफ्तगरी, म्हणजे सोन्याचं जडावकाम असतं. बफिंगच्या चाकाखाली यातलं काहीच टिकत नाही.

तलवार नीट ओळखली गेली की काय होतं, ते बघा. डॉ. वॉल्टर कॉम्प्टन नावाचे एक अमेरिकी संग्राहक होते. युद्धानंतर हरवलेली कुनिमुने या कारागिराची एक तलवार त्यांना अमेरिकेतच विकत मिळाली. ती कागोशिमाच्या तेरुकुनी देवस्थानची, राष्ट्रीय ठेवा ठरलेली, हे कळल्यावर १९६३मध्ये त्यांनी ती एक पैसाही न घेता परत पाठवली. तिच्यावरची सही शाबूत होती.

तेव्हा यंदा तलवार काढाल तेव्हा कोरडं मऊ फडकं आणि हलक्या तेलाचं एक बोट पुरे. ओलं हळदकुंकू पात्याला नको, त्याने गंज चढतो. मुठीला फूल वाहा. खूण किंवा अक्षरं दिसली तर फोटो काढून एखाद्या वस्तुसंग्रहालयात दाखवा. बफिंगवाल्याचं म्हणाल, तर दसऱ्याच्या तोंडावर त्याला पितळेच्या समया काही कमी नसतात.