गाळलेल्या जागा

श्रोतेहो, आरंभींच आपल्याला थोडी तसदी देतों. मी दोन मराठी वाक्यें वाचतों. मध्येंच एखादा शब्द गाळीन आणि त्याऐवजीं टेबलावर टिचकी वाजवीन. तो शब्द आपण मनांतल्या मनांत भरावा. "रात्रभर मुसळधार (टिचकी) कोसळत होता. पहाटे उठून पाहतों तों अंगणांत सगळीकडे (टिचकी) साचलेलें, आणि कुंपणाजवळची कण्हेर पिवळ्या (टिचकी) फुलांनीं डंवरलेली."

पहिल्या दोन जागा भरावयास आपल्याला क्षणही लागला नसेल. तिसऱ्या जागीं बहुतेकांनीं 'धमक' म्हटलें असेल, कोणीं 'जर्द' म्हटलें असेल. परंतु 'पिवळ्या गार' किंवा 'पिवळ्या कुळकुळीत' असें कोणाच्याही मनांत आलें नसेल. असें कां व्हावें? 'धमक' या शब्दाचा येथें नेमका अर्थ काय, असें विचारलें तर आपल्यापैकीं फारच थोड्यांना सांगतां येईल. अर्थ सांगतां येत नाहीं, पण सोबती मात्र ठाऊक आहे! हिरवा म्हटला कीं गार, काळा म्हटला कीं कुळकुळीत, थंडी कडाक्याची, झोंप गाढ. ह्या जोड्या आपल्याला कोणीं पाठ करावयास लावल्या नाहींत. आजीच्या तोंडून, शेजारच्या अंगणांतून, वाचलेल्या गोष्टींतून त्या कानांवर पडत गेल्या आणि कानांतच राहिल्या.

आतां इंग्रजीकडे वळूं. इंग्रजी शब्द पाठ करण्याची आपल्याकडे एक ठरलेली वही असते. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. लहानपणीं मींही अशी वही केली होती, आणि रोजचे दहा शब्द म्हणून दाखविल्याखेरीज मला पानावर बसूं देत नसत. ही वही अगदींच टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. शब्दाची तोंडओळख होण्यास तिचा उपयोग आहे. पण तोंडओळख वेगळी आणि सहवास वेगळा. मराठी शिकणाऱ्या एखाद्या परकीयानें आपल्या वहींत 'मारणें' या शब्दापुढें 'प्रहार करणें' एवढाच अर्थ लिहून ठेवला आहे, अशी कल्पना करा. तो गृहस्थ आपल्या घरीं पाहुणा आला आणि 'जरा हांक मार', 'रात्रभर गप्पा मारीत बसलों', 'पोरानें विहिरींत उडी मारली' हीं वाक्यें त्याच्या कानीं पडलीं, तर हें कुटुंब मोठें हाणामारीचें आहे असाच त्याचा समज व्हावयाचा!

आपली वही आपल्यालाही असेंच फसविते. 'मेक' म्हणजे करणें आणि 'डू' म्हणजेही करणें. मग चूक 'मेक' करावयाची आणि गृहपाठ मात्र 'डू' करावयाचा, हें त्या वहीवरून कसें समजावें? चहा 'स्ट्राँग' असतो, परंतु पाऊस 'हेवी' असतो. सर्दी आपल्याला आपोआप होते. इंग्रज मनुष्य ती 'कॅच' करतो, म्हणजे जणूं धांवत जाऊन पकडतो. पण खरी फजिती होते ती लहानसहान शब्दांनीं. सोमवारीं, सकाळीं, रात्रीं, ह्या तिन्ही ठिकाणीं आपण एकच प्रत्यय लावून मोकळे होतों. इंग्रजींत सोमवारापूर्वीं 'ऑन' येतें, सकाळीपूर्वीं 'इन द' येतें आणि रात्रीपूर्वीं नुसतें 'ऍट'. 'अ' आणि 'द' यांची तर कथाच निराळी. मराठींत त्यांना स्वतंत्र जागाच नसल्यामुळें ते कोठें गळाले तरी आपल्या कानाला तें खटकत नाहीं. अशा शब्दांचा अर्थ पाठ करून भागत नाहीं. ते वाक्यांतच भेटावे लागतात. म्हणून सलग उताऱ्यांतून शब्द गाळून ते भरण्याचा अभ्यास मला शब्दांच्या यादीपेक्षां अधिक उपयोगी वाटतो. सुटें वाक्य नव्हे, उतारा. एका वाक्यांतली जागा पुष्कळदां अंदाजानें भरतां येते, परंतु सात-आठ वाक्यांच्या उताऱ्यांत मागचा-पुढचा संदर्भ ध्यानांत घ्यावाच लागतो.

ही युक्ति आजकालची नव्हे. स्मरणशक्तीवरील प्रयोगांमुळें प्रसिद्धीस आलेले जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनीं १८९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासांत ब्रेस्लाउ येथील शाळकरी मुलांना असे उतारे दिले होते. शाळेच्या सलग तासांनीं मुलांची बुद्धि कितपत थकते, हें पाहण्याचा तो खटाटोप होता. (तें शहर आतां पोलंडमध्यें आहे.) पुढें १९५३ सालीं अमेरिकेंत विल्सन टेलर यांनीं या रीतीला 'क्लोज' असें नांव दिलें. वर्तुळाचा थोडा भाग पुसला असला तरी आपला डोळा तें पुरें करून पाहतो. त्या क्रियेला 'क्लोजर' म्हणतात आणि त्यावरून हें नांव आलें. गंमत अशी कीं, टेलर यांना विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावयाची नव्हती, मजकुराची घ्यावयाची होती. छापील मजकूर वाचकाला किती सुगम आहे हें मोजण्यासाठीं ठराविक अंतरावरचा, म्हणजे उदाहरणार्थ दर पांचवा शब्द, तो कोणताही असो, गाळावयाचा, आणि मूळ लेखकाचाच शब्द वाचकानें भरला तर तो बरोबर धरावयाचा. परभाषेच्या परीक्षांत ही रीत शिरली ती नंतर.

परंतु मोजण्याचें माप आणि शिकविण्याचें साधन एक नव्हे. परीक्षेपुरतें पाहिलें तर मूळचाच शब्द मान्य केला काय, किंवा अर्थाला जुळणारा कोणताही शब्द मान्य केला काय, विद्यार्थ्यांचा अनुक्रम बहुधा सारखाच लागतो असें दिसून आलें आहे. शिकणाऱ्याच्या मनावर होणारा परिणाम मात्र सारखा नसतो. हें मी पुस्तकांतून शिकलों नाहीं.

मी तेव्हां नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवीत असें. एका उताऱ्यांत दुष्काळी गांवांतला एक म्हातारा होता. विहीर आटलेली, शेत भेगाळलेलें, मुलगा दूर शहरांत कामाला गेलेला. शेवटच्या वाक्यांत तो म्हातारा दाराशीं बसून वाट पाहत होता. कोणाची, तो शब्द गाळलेला होता. माझ्याजवळच्या उत्तरांच्या कागदावर 'पोस्टमन' असें होतें. वर्गांत माणदेशांतून शिकावयास आलेली एक मुलगी होती. तिनें लिहिलें, 'रेन'. मीं तांबड्या शाईनें फुली केली आणि पुढचा कागद घेतला. ती कांहीं विचारावयास आली नाहीं. फक्त पुढच्या आठवड्यापासून, जेथें खात्री नसेल ती जागा ती कोरी सोडूं लागली. वर्षअखेरीस तिच्या कागदावर भरलेल्या जागांपेक्षां कोऱ्याच अधिक दिसूं लागल्या. मला वाटलें, मुलगी मागें पडली.

सुटींत जुने कागद चाळतांना तो उतारा पुन्हां हातीं आला. या वेळीं उत्तरांचा कागद जवळ नव्हता. मी शेवटच्या वाक्यापर्यंत आलों आणि माझ्याही मनांत पहिला शब्द आला तो 'रेन'च. तिनें उतारा समजून वाचला होता. न वाचतां तपासणारा मी होतों. शाळा उघडल्यावर तिला बोलवावें असें ठरविलें. पण तोंपर्यंत तिच्या घरच्यांनीं तिचें नांव काढून तिला गांवीं नेलें होतें. त्याचें कारण माझी फुली होती असें मी म्हणत नाहीं. परंतु ती फुली खोडावयाची राहिली ती राहिलीच.

तेव्हांपासून मी आधीं एकच प्रश्न विचारीत असें: हा शब्द कां? उताऱ्यांतल्या कोणत्या वाक्यावरून सुचला, तें मुलांना दाखवावें लागे. पुष्कळदां चुकलेल्या शब्दामागेंही कांहीं विचार असतो आणि बरोबर आलेल्या शब्दामागें नुसतीच शेजाऱ्याची वही असते!

महाराष्ट्रांतल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी सुरू झालें, तेव्हां हा प्रश्न आतां घराघरांतला आहे. घरीं हा अभ्यास करावयाचा तर फारशी सामग्री लागत नाहीं. मुलाला समजलेला सोपा उतारा घ्यावा. सुखानें वाचण्यासाठीं १०० पैकीं सुमारें ९८ शब्द ओळखीचे असावे लागतात असें अभ्यासक सांगतात. मग जेथें शब्द गाळावयाचे तो मजकूर तर अधिकच सोपा हवा. शंभर-सवाशें शब्द पुरेत. पहिलें वाक्य अखंड ठेवावें. दर पांचवा शब्द गाळण्याच्या भरीस पडूं नये. आठ-दहा शब्द आपणच निवडावे, एके दिवशीं 'इन', 'ऑन', 'ऍट' यांसारखे, दुसऱ्या दिवशीं क्रियापदें. गाळलेल्या शब्दांची यादी चौकटींत देण्याची चाल मला पसंत नाहीं, कारण मग मूल उतारा न वाचतां नुसत्या जोड्या लावतें. अगदीं नवशिक्या मुलाला शब्दाचीं पहिलीं दोन अक्षरें द्यावीं. भरण्यापूर्वीं सबंध उतारा एकदां वाचून घ्यावा. पुष्कळदां जागेची किल्ली पुढच्या ओळींत असते. आणि तोच उतारा दोन दिवसांनीं व मग आठवड्यानें पुन्हां कोरा करून द्यावा. वाचलेलें पुन्हां वाचण्यापेक्षां तें आठवून काढलें म्हणजे अधिक टिकतें, असें २००६ सालीं अमेरिकेंत विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगांतही आढळलें.

घरांतल्या वडील माणसांना इंग्रजी बेताचें येत असलें तरी अडत नाहीं. मूळ उतारा त्यांनीं हातांत धरावा आणि 'हा शब्द कां?' एवढें मराठींतच विचारावें.

वेळ संपत आली आहे; एक इंग्रजी वाक्य आपल्यापाशीं ठेवून जातों. बाई सोमवारपासून आजारी आहेत, असें सांगावयाचें आहे. "शी हॅज बीन इल (टिचकी) मंडे." वहींत 'पासून'पुढें 'फ्रॉम' लिहिलेलें असेल. तें येथें चालणार नाहीं.